होडीचं झाकण

जुन्या जालन्यात लतीफ मिस्त्रीचं दुकान शटर आणि गेटांच्या कामासाठी माहीत होतं. कुणाचं शटर अडकलं, कुणाच्या फाटकाची बिजागरी गंजली, की लोक त्याच्याकडं यायचे. बिजागरीला तो कब्जा म्हणायचा. कसलाही आवळलेला कब्जा आपण मोकळा करून देतो, याचा त्याला थोडा गर्वच होता. काम झालं की तो गिऱ्हाइकाला बाजूला उभं करायचा, दार हलकेच ढकलायचा आणि काही न बोलता बघत राहायचा. दार आवाज न करता फिरत जायचं. गिऱ्हाईक तारीफ करायचं, आणि तो ऐकलंच नाही असं दाखवत हात पुसायचा.

होडीचं काम मात्र त्यानं कधी केलं नव्हतं. ते घेऊन आला बद्रीनाथ.

बद्रीनाथ धावड्याचा. गावाच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला एक तलाव आहे. त्यात तो आणि त्याची बायको वंदना मासे धरायचे. होडी लोखंडी पत्र्याची, त्याच्या वडलांनी तीस वर्षांपूर्वी कुठल्याशा धरणाच्या कामावरून जुनीच विकत आणलेली. तिच्या पुढच्या टोकाला जाळी आणि बर्फ ठेवायची पेटी होती आणि पेटीवर जाड पत्र्याचं झाकण. ते पुढच्या बाजूला दोन बिजागऱ्यांवर उघडायचं. आता दोन्ही बिजागऱ्या इतक्या आवळल्या होत्या की झाकण उचलायला दोन माणसं लागायची. बद्रीनाथनं मोबाइलवर फोटो दाखवले.

"पहारीनं उचकटावं लागतंय मिस्त्री. मी नसलो तर हिला उघडतच न्हाई."

"त्या एकट्या जातात का पाण्यात?"

"जाते की. माझ्यापेक्षा चांगली वल्हवते. मी मागं मोटारीजवळ बसतो, पुढचं सगळं तीच बघते."

लतीफनं मापं लिहून घेतली. न गंजणाऱ्या सळईतून लेथवर दोन नव्या पिना काढल्या, जुन्यापेक्षा किंचित जाड. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. एका सोमवारी सकाळच्या एसटीनं तो भोकरदनला उतरला आणि तिथून धावड्याला गेला.

होडी काठावर ओढून ठेवलेली होती. मागच्या बाजूला मोटार बसवायची, ती काढायला-घालायला सोपं जावं म्हणून बद्रीनाथ होडीची मागची बाजू वर घ्यायचा. होडीचं तोंड खाली, उताराला, पाण्याकडं असायचं. लतीफनं पेटीपाशी बैठक मारली. बिजागऱ्यांवर रंगाचे इतके थर चढले होते की आधी ते खरवडण्यातच तास गेला. मग त्यानं डिझेल सोडलं, ब्लोलॅम्पनं शेक दिला, ठोकून बघितलं. एक पीन निघाली. दुसरी आतच तुटली. ती ड्रिलनं पोखरून काढावी लागली. बद्रीनाथ झाकण धरून उभा राहायचा आणि मधूनमधून म्हणायचा, "आस्ते मिस्त्री, पत्रा जुना हाय."

दुपारी वंदना भाकरी आणि माशाचं कालवण घेऊन आली. पस्तिशीची, चटपटीत बाई. लतीफ जेवत असताना ती बिजागरीची छिद्रं वाकून बघत होती.

"चाचा, हे झालं ना की मला कुणाची वाट बघायची गरज न्हाई. न्हाईतर ह्यांना हाका मारून मारून माझा घसा बसतो."

साडेतीनच्या सुमाराला दोन्ही पिना बसल्या. लतीफनं ग्रीस भरलं आणि झाकण उचललं. ते सहज वर गेलं, उभं झालं, जरासं पुढं कललं आणि दोर बांधायच्या लोखंडी खुंट्याला टेकून थांबलं. बद्रीनाथ हसायलाच लागला. वंदनानं चार वेळा उघडबंद करून बघितलं. मग तिनं विचारलं,

"चाचा, आधी हे कसंबी उभं राह्याचं. अर्ध्यात सोडलं तर अर्ध्यात राह्याचं. आता राहील ना?"

"सोडून बघा."

तिनं सोडलं. झाकण खुंट्याला टेकून उभं राहिलं. तिनं होडीला धक्का देऊन बघितला, तरी हललं नाही.

"बिलकुल राह्यलं," ती म्हणाली.

हत्यारं पिशवीत भरताना लतीफला वाटलं, याला एक टेकू पाहिजे. हातभर सळई, टोकाला आकडा, झाकण वर केलं की अडकवायची. विचार अगदी स्वच्छ आला. पण सळई जवळ नव्हती. परतीच्या गाडीला थोडाच वेळ होता आणि समोर ती दोघं खूश होऊन उभी होती. आता हे अजून पुरं झालं नाही असं सांगायचं त्याच्या जिवावर आलं. पुढच्या वेळी बघू, असं मनाशी म्हणत त्यानं पिशवीची चेन ओढली.

बारा दिवसांनी धावड्याचा पुंजाराम दुकानात आला. त्याला घरासाठी गेट करून घ्यायचं होतं. माप सांगता सांगता तो म्हणाला,

"बद्रीनाथच्या बायकोचं कळलं का तुम्हाला?"

"काय?"

"होडीचं झाकण पडलं हातावर. उजव्या हातावर. भोकरदनला नेलं, तिथून संभाजीनगरला पाठवलं. दोन बोटं काढावी लागली."

लतीफच्या हातात टेप होती. ती सुटून खडखडत आत गेली.

"कसं पडलं?"

"बद्रीनं मोटार जोरात वढली म्हणे. सगळं गाव त्यालाच बोलून राह्यलं. त्याची मायबी त्यालाच बोलती. तुमच्या कामाला कुणी नावं ठेवत न्हाई हां. काम तर एक नंबर झाल्तं म्हणत होता."

पुंजाराम गेल्यावर लतीफनं दुकान अर्धं ओढून घेतलं आणि स्टुलावर बसला. मोटार मागं, दोन माणसांपैकी एक मागं. मोटार ओढली की होडीचं तोंड वर उचलणार. काठावर तोंड खाली होतं, म्हणून झाकण पुढं कलून टेकलं. पाण्यात तोंड वर झालं की तेच झाकण मागं येणार, सरळ पेटीत हात घातलेल्या माणसावर. आधी ते पडलं नव्हतं, कारण कब्जे आवळलेले होते. गंजानंच ते धरून ठेवलं होतं. आणि तो गंज त्यानं काढून टाकला होता.

त्यानं बद्रीनाथला फोन लावला. बद्रीनाथचा आवाज बसलेला होता.

"सकाळी गेल्तो मिस्त्री. ती पेटीत वाकून जाळं काढून राह्यली होती. वारा सुटला, होडी बाभळीकडं सरकाय लागली. बुडालेल्या बाभळी हायेत तिथं. मी घाबरून मोटारीची दोरी वढली. होडी एकदम उचलली आन झाकण आलं खाली. तुमचं काय न्हाई त्यात. चूक माझी हाय."

लतीफनं सांगायचं म्हणून तोंड उघडलं. पण शब्द निघाले ते वेगळेच.

"आता कशा हायेत त्या?"

"बरी हाय. बोलत न्हाई माझ्याशी."

त्या दिवसापासून लतीफचं कामात लक्ष लागेना. गिऱ्हाईक दाराची तारीफ करायला लागलं की तो आत निघून जायचा. पुंजारामच्या गेटचा सांगाडा उभा करताना त्यानं तो तीन वेळा मोडून परत जोडला. त्याची बायको अन्वरी हे सगळं बघत होती. तिला त्यानं अपघात सांगितला होता, सळईचंही सांगितलं होतं. एका दुपारी जेवण वाढताना ती म्हणाली,

"तुम उनको बोले क्या, सलाखवाली बात?"

"नई."

"कायकू?"

"वो खुद बोलता गलती मेरी है. मैं क्या बोलूं?"

"इसीच वास्ते बोलना. वो बेचारा तुम्हारे हिस्सेका भी उठाको बैठा है."

लतीफ जेवण अर्धवट ठेवून उठला. तिनं त्याला थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याचा धुतलेला शर्ट काढून ठेवला होता, एवढंच.

तो धावड्याला पोहोचला तेव्हा दहा वाजले होते. बद्रीनाथचं घर गावाच्या कडेला, पुढं पत्र्याची ओसरी. ओसरीत बद्रीनाथची आई झुंबरबाई शेंगा फोडत बसली होती. बद्रीनाथ अंगणात जाळं पसरून बसला होता, पण हात चालत नव्हते. दाढी वाढलेली. लतीफला बघून तो उठला.

"या मिस्त्री. माय, जालन्याचे मिस्त्री हायेत."

झुंबरबाईनं मान वर केली. "बघा बाबा तुमीच. चांगलं करून दिल्तं, आन ह्यानं काय करून ठेवलं. पोरीचा हात घालवला."

बद्रीनाथला त्याची सवय झाल्यासारखी दिसत होती. आतल्या दारात वंदना येऊन उभी राहिली. उजवा हात पांढऱ्या पट्टीत, छातीशी धरलेला. ती वाळली होती. "चाचा, बसा," म्हणाली आणि डाव्या हातानं खुर्ची ओढायला लागली. लतीफनं पटकन पुढं होऊन खुर्ची धरली, पण बसला नाही.

"मला काही सांगायचंय," तो म्हणाला. "तुमच्या तिघांसमोर सांगतो. त्या झाकणाला टेकू लागतो. सळई लावायची असते, झाकण वर केलं की अडकवायची. ते मला त्याच दिवशी सुचल्तं. सामान भरून राह्यलो होतो तेव्हा. सळई न्हवती, गाडीची घाई होती, मी बोललो न्हाई. तुम्ही विचारलं ना ताई, उभं राहील का? होडी काठावर होती म्हणून राह्यलं. पाण्यात राहणार न्हाई, हे मला कळायला पाहिजे होतं. मोटार कुणीबी वढली असती, कधीबी वढली असती, ते पडलंच असतं."

झुंबरबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तुम्हाला म्हाईत होतं?" बद्रीनाथनं हळू विचारलं.

"टेकू पाहिजे, हे म्हाईत होतं."

"मंग मी फोनवर बोललो तवा का न्हाई सांगितलं? मी इथं रोज मरून राह्यलोय. माय बोलती, गाव बोलतं, ही तर..." त्याचा आवाज चढला. त्यानं पायाखालचं जाळं लाथेनं उडवलं आणि लतीफच्या अगदी जवळ आला. लतीफ हलला नाही. मारलं तर मारू दे, असंच त्याला वाटलं. क्षणभर वाटलं, मारलं तर बरंच होईल.

"हिंमत झाली न्हाई," तो म्हणाला.

"हिंमत! आन माझं काय?"

"थांबा," वंदना म्हणाली.

तीन आठवड्यांत नवऱ्याला उद्देशून उच्चारलेला तो तिचा पहिला शब्द होता. बद्रीनाथ जागीच थांबला. ती ओसरीच्या पायरीवर आली.

"एक चूक तुमी घेतली, एक चाचांनी घेतली. सासूबाई रोज उठून तुमच्या पदरात आणखी एक टाकतात. सगळे आपापलं घेऊन बसलेत. मी माझी बोटं कुणाला मागू?"

बद्रीनाथ खाली बघत राहिला. "मी मोटार वढली न्हाई पाहिजे होती," तो म्हणाला. "हजार वेळा म्हटलं तुला."

"मोटारीचा मला रागच न्हाई. होडी बाभळीत शिरली असती तर दोघंबी गेलो असतो. मी तुमच्या जागी असते तर मीबी वढली असती." तिचा आवाज आता कापायला लागला. "जीपमध्ये काय म्हणालात तुमी मला? आठवतंय? माझा हात फडक्यात गुंडाळलेला, रक्त खाली गळून राह्यलं, आन तुमी म्हणालात, 'तुला हात काढता आला न्हाई का?'"

बद्रीनाथनं वर बघितलं. त्याला ते आठवत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग हळूहळू आठवलं, तेही दिसलं.

"मी... घाबरलो होतो," तो म्हणाला.

"मीबी घाबरले होते."

बद्रीनाथ अंगणातून बाहेर पडला आणि तलावाच्या वाटेला लागला. झुंबरबाई शेंगांची पाटी बाजूला सारून सुनेकडं बघत बसली. वंदनानं पायात चपला घातल्या.

"चला चाचा."

"मी कशाला? तुम्ही दोघं..."

"चला. होडी एकट्यानं ढकलता येत न्हाई."

लतीफ तिच्या मागं निघाला. तिला नक्की काय करायचंय, हे त्याला कळलं नव्हतं, आणि विचारायचा आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटत होतं. वाटेत ती एकदाच बोलली. पट्टी काढली की आत खाज सुटते, आणि जी बोटं नाहीत तिथंच जास्त सुटते, असं म्हणाली.

होडी तशीच काठावर होती आणि बद्रीनाथ तिच्यापाशी उभा होता. पेटी उघडी पडली होती, आत पानं आणि ओलं जाळं कुजत होतं. झाकण नव्हतं. दवाखान्यातून आल्यावर बद्रीनाथनं पिना ठोकून काढल्या होत्या आणि झाकण लांब बाभळीच्या खोडाला टेकवून ठेवलं होतं. "लगेच निघाल्या," एवढंच तो म्हणाला. पिनांबद्दल. लतीफनं मान हलवली.

"होडी सोडा पाण्यात," वंदना म्हणाली.

"आज नको. टाके वले हायेत."

"हात पाण्यात घालत न्हाई मी. सोडा."

दोघा पुरुषांनी होडी ढकलली. मोटार घरीच होती. वंदना पेटीकडं पाठ करून बसली आणि तिनं वल्हं उचललं. डाव्या हातात ते बसलं, पण उजव्या हाताचा अंगठा आणि पट्टीबाहेर राहिलेली दोन बोटं त्याला धरू शकत नव्हती. तिनं कोपरानं दाबून बघितलं. वल्हं निसटलं, पाण्यात आपटलं. ते तिनं परत ओढून घेतलं. होडी जागच्या जागी गोल फिरली. मागं बसलेला बद्रीनाथ हात गुडघ्यांवर ठेवून बघत होता. तो उठायला जायचा आणि परत बसायचा. लतीफ गुडघाभर पाण्यात उभा होता. आपण तिथून निघून जावं असं त्याला फार वाटत होतं, पण तो उभा राहिला.

पाचव्यांदा वल्हं निसटलं तेव्हा वंदनानं एक शिवी हासडली आणि तोंड पदरात घातलं. तिचे खांदे हलत होते. होडी वाऱ्यानं सावकाश काठाकडं येत होती. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि नवऱ्याकडं न बघताच म्हणाली,

"बसून काय राह्यलात? दुसरं वल्हं कोण धरणार?"

बद्रीनाथनं घाईनं वल्हं घेतलं. ती एका बाजूनं डाव्या हातानं, तो दुसऱ्या बाजूनं. होडी वाकडीतिकडी का होईना, पण पुढं सरकली. शंभरएक हात गेली असेल. मग ती थकली आणि दोघं परत आली.

काठावर उतरल्यावर वंदना लतीफसमोर उभी राहिली. चेहरा घामानं भिजलेला.

"पेटीला झाकण तर लागणारच चाचा. बर्फ राहत न्हाई न्हाईतर. पण मला कब्जा नको. उचलून बाजूला ठेवता येईल असं करा. हलकं. एका हातानं उचललं पाहिजे. डाव्या."

"करतो," लतीफ म्हणाला. त्यानं खिशातून टेप काढली. पेटीचं तोंड दोनदा मोजलं, आणि त्याच्याजवळ कागद नव्हता म्हणून आकडे हातावर लिहिले. माफ करा असं म्हणायचं तो घरून ठरवून आला होता. पण ते आता कुठं म्हणावं हे त्याला कळेना, आणि तिनंही त्याला तशी जागा दिली नाही.

बद्रीनाथ त्याला गाडीपर्यंत सोडायला आला नाही. पहिल्या वेळी आला होता.

झाकण करायला लतीफला चार दिवस लागले. त्यानं आधी लाकडाचं करून बघितलं, ते भिजून जड होईल म्हणून टाकून दिलं. मग पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं केलं, चारी कडा खाली दुमडून, वर मधोमध रुंद मूठ. मूठ तो एकट्या डाव्या हातानं उचलून बघायचा. दोनदा मोठी केली. अन्वरी दुकानात डबा घेऊन आली तेव्हा त्यानं ते तिला उचलायला लावलं. तिनं उचललं, खाली ठेवलं, परत उचललं.

"हल्का है," ती म्हणाली.

फोनवर ठरल्याप्रमाणे तो झाकण घेऊन भोकरदनच्या स्टँडवर उतरला. बद्रीनाथ मोटारसायकल घेऊन आला होता. दाढी केलेली होती. त्यानं झाकण हातात घेतलं, उलटसुलट केलं, कडेवरून बोट फिरवून धार लागते का बघितलं. मग त्यानं ते दोरीनं गाडीच्या मागं बांधलं. लतीफ दोरीचं दुसरं टोक धरून उभा होता.

"ताई कशा हायेत?"

"टाके काढले. आता रोज जाते माझ्यासंगं. वल्ह्याला चिंध्या गुंडाळल्यात, त्यानं पकड जरा बसती. थंडीत लई ठणकतं म्हणती." तो गाठ मारत होता. "विळीवर मासे मात्र न्हाई कापता येत. ते माय करती."

"बरं."

"मोटार मी अजून लावली न्हाई," बद्रीनाथ म्हणाला. गाठ झाली होती तरी तो ती ओढत होता. "लावीन. वारा असला की लागंलच." मग त्यानं गाडी चालू केली आणि लतीफकडं नीट न बघता म्हणाला, "होडीवर लावून माप बघतो. फोन करतो."

फोन संध्याकाळी आला. लतीफ घरीच होता. बोलणं अर्ध्या मिनिटात संपलं. त्यानं फोन खाली ठेवला तेव्हा अन्वरी दारात उभी होती.

"क्या बोले?"

"माप बराबर है बोले."

"और?"

"और कुछ नई."

तिनं आत जाऊन त्याच्यासाठी चहा टाकला.